आग्रह करायचा नाही

आमच्या घराण्यात परदेशी जाऊन आलेला मी एकटाच. बँकेतून निवृत्त झालो त्या वर्षी एका प्रवास कंपनीबरोबर थायलंडला गेलो होतो, सहा दिवस, सोबत बायको आणि तीन किलो चिवडा. सहाही दिवस आम्ही कंपनीनं इथूनच नेलेल्या आचाऱ्याच्या हातचं जेवलो, बसच्या काचेतून देवळं पाहिली आणि गाइड सांगेल त्याला माना हलवल्या. पण परत आलो तो माणूस वेगळाच होता. नवीन जालन्यातल्या आमच्या घराबाहेर चपला सरळ रेषेत लागायला लागल्या. बायकोनं चहा दिला की मी दोन्ही हात जोडून किंचित वाकायला लागलो. ती पहिल्या दिवशी घाबरली, दुसऱ्या दिवशी हसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वाकलेच आहात तं खालचा पेपर बी उचला."

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच, हे मला कळत होतं. पण पिवळं होण्यात मजा असते. कॉलनीत कुणाची मुलगी जर्मनीला निघाली की आई-बाप तिला माझ्याकडं घेऊन यायचे, "दोन गोष्टी सांगा" म्हणून. मी सांगायचो. जर्मनी मी पाहिलेली नाही, पण परदेश तो परदेश. शिवाय निरोपसमारंभात मिळालेल्या मानपत्रात माझ्या नावामागं 'सुसंस्कृत' असा शब्द छापलेला आहे, आणि ते मानपत्र मी हॉलमध्ये दारातून शिरणाऱ्याला समोरच दिसेल असं लावलेलं आहे. चारचौघांत हा शब्द आपल्याला शोभून दिसावा, ही माझी एकच हौस. तिच्यापायी काय काय केलं ते आता सांगतो.

दिवाळी होऊन गेली होती. टेंभुर्णीहून, म्हणजे आमच्या मूळ गावाहून, पुतण्याचा फोन आला. त्याचं तिथं मिरचीच्या बियाण्याचं शेडनेट आहे. आमच्या भागात हल्ली शिवारभर अशी पांढरी जाळी ताणलेली दिसतात, आणि त्यांच्या आत बाया चिमट्यानं एकेक फूल हाताळून संकरित बी तयार करतात. क्रॉसिंग म्हणतात त्याला.

"काका, आपल्या नेटवर थायलंडचे पाहुणे येऊन राह्यले," पुतण्या म्हणाला. "क्रॉसिंग पाहायला. बियान्याच्या कंपनीवाले म्हन्ले, जेवन तुमच्या घरीच करा. तुम्ही तं तिकडं जाऊन आल्तात. तुम्ही या, न्हाई तं आमच्या हातून काहीतरी चुकीचं होईन."

मी दोन दिवस आधीच जाऊन पोचलो.

थोरला भाऊ गेल्यापासून ते घर वहिनीच्या शब्दावर चालतं. मी वहिनीला, पुतण्याला, सुनेला आणि क्रॉसिंगच्या सात-आठ बायांना ओसरीवर बसवलं आणि वही उघडली. वहीत नियम लिहून आणले होते.

"पहिली गोष्ट," मी म्हणालो, "पाहुण्यांच्या डोक्याला कुणी हात लावायचा नाही."

"पाहुन्याच्या डोक्याला कोन हात लावतं?" वहिनीनं विचारलं.

"दुसरी गोष्ट. बसताना पायाचा तळवा त्यांच्याकडं करायचा नाही. तिसरी, घरात येताना चपला बाहेर. चौथी, नमस्कार करताना हात छातीशी आणि मान थोडी खाली."

वहिनीनं चारही नियम बोटांवर मोजले. मग म्हणाली, "भाऊजी, हे तं समदं आपलंच हाय. तिकडचं काय ते सांगा ना."

मला राग आला. इतक्या लांब जाऊन, विमानात कान दुखवून घेऊन आणलेलं ज्ञान हे लोक आपलंच म्हणत होते. मग मी ठेवणीतले नियम काढले. वय विचारायचं नाही. लेकरंबाळं किती, विचारायचं नाही. शेती किती, पगार किती, घर स्वतःचं का भाड्याचं, यातलं काहीही विचारायचं नाही.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी बायांमधली सगळ्यांत वयस्क होती ती म्हणाली, "मंग बोलायचं काय?"

"हवापाण्याचं बोला."

"हवा तं त्यान्ला बी लागून राह्यली असंन," ती म्हणाली, आणि बाकीच्या पदराआड हसल्या.

मी तिकडं लक्ष दिलं नाही. शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा होता. "जेवताना आग्रह करायचा नाही," मी म्हणालो. "एकदा विचारायचं. नको म्हणाले की भांडं बाजूला घ्यायचं. वाढायचं नाही, शपथ घालायची नाही, ताटावर हात धरला तर हाताच्या फटीतून तूप सोडायचं नाही."

हे शेवटचं वहिनीला उद्देशून होतं. तिच्या हातात ती कला आहे. तिचा चेहरा पडला. "अन् मानूस उपाशी उठलं तं?"

"त्यांच्यात नको म्हणजे नको असतं, वहिनी."

खरं सांगायचं तर हा नियम मला थायलंडमध्ये भेटला नव्हता. मोबाईलवरच्या एका व्हिडिओत तो होता आणि तो व्हिडिओ युरोपातल्या लोकांबद्दल होता. पण वर म्हणालोच, परदेश तो परदेश. भाजीत तिखट टाकायचं नाही असंही मी त्याच झपाट्यात सांगून टाकलं. ज्या घरी मिरचीचं बी तयार होतं त्या घरात दोन दिवस मिरचीला सुतक लागलं.

पाहुणे आले. म्हणजे एकच पाहुणे आणि त्यांच्याबरोबर कंपनीचा एक तरुण अधिकारी. पाहुणे शिडशिडीत, रापलेले, डोक्यावर कापडी टोपी. मी पुढं होऊन हात छातीशी जोडले आणि वाकलो. तेही वाकले. त्यांची इंग्रजी मोडकी होती आणि माझीही, त्यामुळं आमचं छान जमलं. त्यांनी टोपी काढली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचं वय काय?"

मी चाचरलो. चौसष्ट म्हणून सांगितलं. त्यांना आनंद झाला. ते सहासष्टचे होते. "मग तुम्ही माझे धाकटे भाऊ," ते म्हणाले. त्यांच्याकडं म्हणे वय कळल्याशिवाय समोरच्याला काय म्हणून हाक मारायची तेच ठरत नाही. त्यांनी वहिनीचं वय विचारलं. तिनं सत्तर सांगितल्यावर ते माझ्यापुढं वाकले होते त्याहून चार बोटं जास्त वाकले.

"भाऊजी," वहिनी माझ्या कानाशी आली, "हे तं वय इचारून राह्यले."

"विचारू द्या."

"मंग मी इचारू का?"

"बिलकुल नाही."

तिनं माझ्याकडं पाठ केली आणि पुतण्याला मध्ये घालून लेकरं किती, नातवंडं किती, शेती किती, बायको कशी आहे, सगळं विचारून घेतलं. पाहुण्यांनी मोबाईल काढून दोन नाती आणि एक म्हैस दाखवली. म्हैस किती दूध देते हेही त्यांनी बोटांवर सांगितलं. तासाभरात वहिनीला त्यांच्या घरची जेवढी माहिती झाली तेवढी मला माझ्या कॉलनीतल्या शेजाऱ्यांची नाही.

नेटमध्ये मला काही कामच उरलं नाही. मिरचीची उद्या उमलणारी कळी हलकेच उघडायची, तिच्यातले पुंकेसर चिमट्यानं काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग तिला लावायचा आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा, असं ते काम. पुंकेसराला इंग्रजीत काय म्हणतात हे आठवत मी वहीची पानं उलटत होतो. पाहुण्यांनी तोवर त्या वयस्क बाईच्या हातातला चिमटा मागून घेतला, एक कळी उघडली, साफ केली आणि तिच्यापुढं धरली. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "हात बसलेला हाय याचा," ती म्हणाली. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण पाहुण्यांना आधीच कळलं होतं. ते हसून दुसऱ्या झाडाकडं गेले.

मग जेवण. पाट, रांगोळी, चमचे. वरणभात, पोळ्या, बटाट्याची पांढरीफटक भाजी आणि गुळाचा शिरा. पाहुण्यांनी जे वाढलं ते मुकाट्यानं खाल्लं. वहिनी भाताचं पातेलं घेऊन आली. "भात?"

पाहुणे हसून नको म्हणाले.

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. ती पातेलं घेऊन परत गेली. पोळीचं तसंच झालं, शिऱ्याचं तसंच झालं. प्रत्येक वेळी ती दारात घुटमळायची आणि मी डोळ्यांनी दटावायचो. कंपनीचा अधिकारी जालन्याचाच होता. दुसरी पोळी आग्रहाशिवाय घ्यायची असते हे त्याला जन्मात ठाऊक नव्हतं. तोही पहिल्यांदा नको म्हणाला आणि वाट बघत बसला. सात-आठ मिनिटांत दोघंही हात धुवायला उठले. मला फार समाधान वाटलं. एवढं शिस्तीचं जेवण आमच्या घरात याआधी झालेलं नव्हतं.

थोड्या वेळानं पाहुणे दिसेनात. फुलं बघायला गेले असतील म्हणून मी नेटकडं गेलो. वहिनी माझ्या मागोमाग आली. बांधावरच्या लिंबाखाली बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध पाहुणे मांडी घालून बसले होते. हातात ज्वारीची भाकरी, भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा. नाकाला पाणी आलेलं, चेहरा फुललेला. अधिकारीही शेजारीच होता, त्याचं तोंड तर बोलायला मोकळंच नव्हतं. वयस्क बाई तिसरी भाकरी पुढं करत म्हणत होती, "घ्या हो, लाजू नका, एवढीशी तं हाय." पाहुणे दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होते. तिनं भाकरी त्यांच्या हातावर ठेवली आणि त्यांनी ती लगेच मोडली.

मला पाहून ते ओशाळले. म्हणाले, "आमच्याकडं पहिल्यांदा नको म्हणावं लागतं, धाकटे भाऊ. नाहीतर लोक हावरट म्हणतात."

वहिनीला इंग्रजी येत नाही. तरी ती "पाहा" म्हणाली आणि ठेचा कुटून आणायला घराकडं वळली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हा किस्सा आजही हसत सांगितला असता. पण हात धुताना पाहुण्यांची नजर पलीकडं गेली. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती आहे. तिथल्या विहाराचा पांढरा घुमट आणि त्यावरचा पाच रंगांचा झेंडा बांधावरून स्पष्ट दिसतो. पाहुण्यांनी विचारलं, "ते काय आहे?"

"बुद्धाचं मंदिर आहे, छोटंसं," मी म्हणालो. "पाहण्यासारखं काही नाही. तुम्हाला अजिंठ्याला नेतो. गाडीनं दोन-अडीच तासांत पोचू."

"पण हे तर इथंच आहे," पाहुणे म्हणाले.

होतंच. पाचशे पावलंही नव्हती. आणि ही पाचशे पावलं मी चौसष्ट वर्षांत कधी चाललो नव्हतो. कुणी मनाई केली नव्हती. घरात कुणी तसं बोलूनही दाखवलं नव्हतं. गावात कुणाचं पाऊल कुठवर जातं हे न सांगता ठरलेलं असतं, आणि माझं पाऊल तिथवर जात नव्हतं. थायलंडमध्ये मी सहा दिवसांत अकरा बुद्धमूर्तींसमोर फोटो काढले, तेव्हाही हे माझ्या ध्यानात आलं नाही.

विहाराची किल्ली माझ्या मित्राकडं असते. मित्र म्हणजे पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलेला. पुढं मी बँकेत लागलो, तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला आणि निवृत्त होऊन गावातच राहिला. मला पाहुण्यांसोबत आणि त्या अधिकाऱ्यासोबत येताना बघून तो ओट्यावरून उठला. त्यानं पायात चपला सरकवल्या. मग म्हणाला, "ये ना. किल्ली आनतो."

आत स्वच्छ फरशी, पांढरी बुद्धमूर्ती, भिंतीवर घटनेची उद्देशिका चौकटीत लावलेली. पाहुणे गुडघ्यांवर बसले, तीनदा कपाळ जमिनीला टेकवलं आणि पालीत त्रिशरण म्हणायला लागले. त्यांचे सूर वेगळे होते, पण दुसऱ्या ओळीला माझ्या मित्रानं त्यांच्यात आवाज मिसळला. शब्द तेच होते. कुठलं थायलंड, कुठली टेंभुर्णी, दोघं एका दमात म्हणत होते, आणि दुभाषा म्हणून आलेल्या मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मला एकच गोष्ट येत होती. मी पाय मागं दुमडून, तळवे मूर्तीकडं होणार नाहीत असा बसलो.

प्रार्थना संपल्यावर पाहुण्यांनी माझ्या बसण्याकडं पाहिलं आणि कौतुकानं माझ्या मित्राला विचारलं, "फार नीट बसतात. रोज येतात का इथं?"

मित्राची इंग्रजी माझ्याहून चांगली आहे. मी खाली फरशीकडं बघत होतो. तो काय सांगेल याची मला भीती वाटली, खरोखरची भीती. मानपत्रातला तो शब्द त्या वेळी सगळा त्याच्या हातात होता.

"तो जालन्याला राहतो," मित्र म्हणाला. "गावात आला की घाईत असतो. पण आम्ही फार जुने दोस्त आहोत."

विहाराला लागूनच त्याचं घर. ओट्यावर खुर्च्या मांडल्या गेल्या. तो आत गेला आणि ट्रेमध्ये तीन कप घेऊन आला. एक पाहुण्यांना दिला, एक अधिकाऱ्याला, एक स्वतः घेतला. पाहुण्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. मित्र घाईनं त्यांना म्हणाला, "त्याला ॲसिडिटीचा त्रास आहे. चहा सोसत नाही."

मला ॲसिडिटी नाही. आजवर कधी झाली नाही. दिवसातून पाच कप चहा पितो मी. बँकेत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांबरोबर एकाच किटलीतला प्यायलो आणि त्याचा मला अभिमानही होता. पण गावात आलो, वाटेत मित्र भेटला आणि "चल, चहा घे" म्हणाला की, "आत्ताच झाला" असं माझ्या तोंडून आपोआप जायचं. त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो, आहेर केला, फोटो काढला आणि बस आहे सांगून न जेवता निघालो. बस नव्हती. माझा बाप वारला तेव्हा हा माणूस पहाटेपासून आमच्या अंगणात उभा होता आणि लाकडं त्यानंच रचून घेतली होती. किती वर्षं त्यानं विचारलं असेल आणि किती वर्षं मी आत्ताच झाला म्हणालो असेन, आणि मग कधीतरी त्यानं विचारणं सोडून दिलं, तेही मला कळलं नाही. आज परक्या माणसासमोर माझं हसं होऊ नये म्हणून त्यानं माझ्यासाठी एक नवं, बरं दिसणारं कारण शोधून ठेवलं होतं. मला लाज वाटली. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती, आणि तीही त्यानं मला वाचवलं म्हणून.

"मी बी घेतो," मी म्हणालो.

त्यानं कप खाली ठेवला. "काय?"

"चहा. मला बी सांग."

पाहुणे फुंकर मारून चहा पीत होते, त्यांना यातलं काही कळलं नव्हतं आणि कळायचं कारणही नव्हतं. मित्रानं दाराकडं तोंड करून आणखी एक कप सांगितला. आत भांड्याचा आवाज झाला, गॅस पेटला. मग त्याच्या बायकोनं आतूनच विचारलं, "भाऊजीला साखर चालती का, बिनसाखरेचा करू?"

अठ्ठावन्न वर्षांपासूनचा माझा मित्र दारात उभा राहून थोडा वेळ आठवत राहिला.

"मला न्हाई माहीत," तो आत म्हणाला. "थांब, त्यालाच इचारतो."